भूमिबल, अतुल्यतेज

बँकॉकच्या मल्टिप्लेक्समध्ये ट्रेलर संपले की पडद्यावर एक सूचना येते आणि सगळे उभे राहतात. मी पुण्यात वाढले, त्यामुळे सिनेमाआधी उभं राहणं मला नवीन नव्हतं. महाराष्ट्रात 2003 पासून थिएटरात राष्ट्रगीत लावतात. फरक इतकाच, की आपल्याकडे पडद्यावर झेंडा फडकतो आणि तिथं पडद्यावर एक माणूस होता. सडपातळ, चष्मा लावलेला, गळ्यात कॅमेरा, हातात घडी घातलेला नकाशा. एका फोटोत त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबतोय. राजाचा फोटो म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, तलवार, फेटा, मिशा, त्यातलं काही नाही. पाटबंधारे खात्यातला एखादा मन लावून काम करणारा इंजिनियर दिसावा तसा तो दिसायचा.

मी 2015 ते 2018 बँकॉकमध्ये नोकरी करत होते. तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राजाचं पूर्ण नाव नोटेखाली वाचलं आणि गंमत वाटली. भूमिबोल अदुल्यदेज. म्हणजे भूमिबल अतुल्यतेज. थाई लोक संस्कृत शब्दांचे उच्चार इतके बदलतात की ओळखीचं माणूस मास्क लावून भेटावं तसं होतं. विमानतळाचं नाव 'सुवन्नफूम', लिहितात सुवर्णभूमी. ते नावही याच राजाने दिलेलं. युवराजाचं नाव वज्रालंकार. या घराण्यातल्या राजांना परदेशी लोक राम पहिला, राम दुसरा असं मोजतात. भूमिबोल नववा. सरकारी कागदांवर गरुडाचा शिक्का असतो, कारण राजा म्हणजे विष्णूचा अंश ही जुनी कल्पना. त्यामुळे परक्या देशात असूनही मला सगळं अर्धंअर्धं कळायचं. अर्धंच. हे पुढे वारंवार जाणवत राहिलं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी होती. थायमध्ये मोठ्या भावाला आणि बहिणीला एकच शब्द आहे, 'पी'. ताई-दादाचं काम तो एकटा करतो. मी तिला पीच म्हणायचे आणि इथंही तेवढंच म्हणणार आहे. ती कुठं राहते, तिचा नवरा काय करतो, हे मुद्दाम लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

13 ऑक्टोबर 2016. राजा कित्येक दिवस नदीपलीकडच्या सिरिराज हॉस्पिटलमध्ये होता आणि आवारात गुलाबी आणि पिवळे कपडे घातलेली माणसं बसून होती. पिवळा हा सोमवारचा रंग, राजा सोमवारी जन्मला होता. गुलाबी आरोग्यासाठी. संध्याकाळी राजवाड्याचं निवेदन आलं. वय 88. राज्य केलं 70 वर्षं आणि 126 दिवस. ऑफिसात मोजकेच लोक उरले होते. पी उठून उभी राहिली, मग खाली बसली, मग डेस्कखाली वाकून काहीतरी शोधायला लागली. ती रडत होती आणि तिला ते कुणाला दिसायला नको होतं. फोनवर बातम्यांच्या साइट्स एकेक करून काळ्या-पांढऱ्या होत गेल्या. माझ्या हातातला रंगीत फोन अर्ध्या तासात जुन्या पेपरासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेट्रोत सगळा डबा काळा. आठवडाभरात दुकानांतले काळे कपडे संपले. रस्त्यांवर मोठ्या पातेल्यांत रंग उकळत ठेवून लोक एकमेकांचे टी-शर्ट फुकट काळे करून द्यायला लागले. मी माझा हिरवा कुर्ता नेला. रंगवणाऱ्या मुलाने पैसे घेतले नाहीत, वर पाण्याची बाटली दिली. इतकं निर्मळ सामूहिक दुःख मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हे मी आजही तसंच म्हणेन.

आणि त्याच आठवड्यात को सामुई बेटावर एका बाईला, तिने ऑनलाइन काहीतरी लिहिलं म्हणून, जमावासमोर राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून माफी मागायला लावली. तो व्हिडिओही पीनेच मला दाखवला. दाखवताना ती काहीच बोलली नाही.

माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र राहायला तयार नव्हत्या.

थायलंडच्या दंडसंहितेतलं कलम 112 राजा, राणी, वारस आणि कारभारी यांच्या अपमानाबद्दल आहे. शिक्षा 3 ते 15 वर्षं, आणि तीही प्रत्येक गुन्ह्याला वेगळी. तक्रार कुणीही करू शकतं. शेजारी, माजी प्रियकर, राजकीय विरोधक. 2015 च्या डिसेंबरात एका कारखाना कामगारावर लावलेल्या आरोपांत राजाच्या कुत्रीबद्दल फेसबुकवर उपरोधाने लिहिल्याचाही आरोप होता. कुत्रीबद्दल! वर्षभराने बीबीसीच्या थाई विभागाने नव्या राजावर लेख लिहिला. तो शेअर केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. लेख लिहिल्याबद्दल नाही, शेअर केल्याबद्दल. तुम्ही-आम्ही दिवसातून वीसदा करतो ते. (फुकेतच्या ट्रिपवर असताना हे वाचत असाल, तर शेअर बटणाला पुण्यात आल्यावर हात लावा.)

मग ज्या देशात द्वेष व्यक्त करायला बंदी आहे, तिथलं प्रेम खरं आहे हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न मला सोपा वाटला असता, जर आजी नसती. आजी बडोद्याची. सयाजीराव महाराज गेले, फेब्रुवारी 1939 मध्ये, तेव्हा ती आठ वर्षांची होती. महाराज कवळाण्यासारख्या नाशिककडच्या खेड्यातून दत्तक आले, बाराव्या वर्षी गादीवर बसले आणि 63 वर्षं राज्य करून गेले. 1906 मध्ये त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. आजीची आई त्यामुळे शाळेत गेली. आजी ही गोष्ट सांगताना 'महाराजांनी शिकवलं' असं म्हणायची, जणू ते स्वतः पाटी घेऊन समोर बसले होते. बाबा कट्टर लोकशाहीवादी. ते चिडून म्हणायचे, "अगं आई, पैसा रयतेचाच होता ना?" आजी म्हणायची, "होता की. पण बाकीच्यांनी काय केलं रे त्या पैशाचं?" यावर बाबांकडे उत्तर नसायचं. संस्थानांचा इतिहास पाहिला तर माझ्याकडेही नाही.

पीचं बोलणं असंच होतं. तिचे आजोबा उत्तरेतल्या डोंगरात अफू पिकवायचे. 1969 मध्ये राजाने सुरू केलेल्या प्रकल्पातून तिथं पीच, कॉफी, भाज्या आल्या. राजा खरंच तिथवर जायचा, चिखलातून. ढगांवर फवारणी करून पाऊस पाडायच्या प्रयोगांमागे तो होता. सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझच्या चाली रचायचा. 1948 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला होता. पी हे सगळं घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायची. त्याचा वाढदिवस, 5 डिसेंबर, हा तिथला फादर्स डे.

दीर्घ राजवटींचं एक गणित आहे, ते कुणी फारसं बोलून दाखवत नाही. फार वर्षं राज्य करायचं तर फार लहानपणी गादीवर यावं लागतं आणि त्यासाठी कुणीतरी लवकर जावं लागतं. स्वाझीलंडचा दुसरा सोभुझा 1899 मध्ये चार महिन्यांचा असताना राजा झाला, कारण बाप तरुणपणी वारला. 1982 पर्यंत 82 वर्षं राहिला. चौदावा लुई चार वर्षांचा होता, 72 वर्षं टिकला. एलिझाबेथचे वडील 56 व्या वर्षी गेले म्हणून ती 25 व्या वर्षी राणी झाली. आणि भूमिबोल 18 व्या वर्षी राजा झाला, कारण 9 जून 1946 च्या सकाळी त्याचा वीस वर्षांचा भाऊ, राजा आनंद, राजवाड्यात पलंगावर डोक्यात गोळी लागलेला सापडला. तीन सेवकांना 1955 मध्ये फाशी दिली. नेमकं काय झालं हे आजही उघडपणे विचारता येत नाही. मी एकदा पीला विचारलं. तिने कॉफीचा कप उचलला आणि म्हणाली, "चल, खाली जाऊ." खाली गेल्यावर ती हवामानाबद्दल बोलली.

गादीवर बसून बसून माणसाचं काय होतं? सोभुझाने 1973 मध्ये राज्यघटनाच रद्द केली आणि पक्षांवर बंदी घातली. भूमिबोलला ते करावं लागलं नाही, ते काम सैन्य करायचं. त्याच्या काळात दहाएक यशस्वी लष्करी उठाव झाले, डझनाहून जास्त राज्यघटना आल्या आणि गेल्या. तो मात्र तिथंच. 6 ऑक्टोबर 1976 ला बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात, युवराजाचा अपमान केला अशी आवई उठवून विद्यार्थ्यांना मारलं. सरकारी आकडा 46. मे 1992 मध्ये मात्र रस्त्यावर गोळीबार चालू असताना राजाने लष्करी पंतप्रधानाला आणि आंदोलनाच्या नेत्याला बोलावून घेतलं, दोघं टीव्हीवर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, त्याने दोघांना समजावलं आणि रक्तपात थांबला. पीला 1992 आठवतं. 1976 तिच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. सत्तर वर्षांत दोन्ही मावतं. कुणी काय लक्षात ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या घरावर, आणि अर्थात कलम 112 वर.

2005 च्या वाढदिवसाच्या भाषणात खुद्द राजा म्हणाला होता की माझ्यावरही टीका व्हायला हवी, राजा चुकूच शकत नाही असं म्हणणं म्हणजे त्याला माणूस न मानणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या वर्षांत 112 चे खटले वाढतच गेले. मला तो प्रामाणिकपणे बोलला असं वाटतं. पण त्याच्या बोलण्याने काहीच हललं नाही, आणि राजाबद्दलची ही गोष्ट मला सर्वांत उदास करते.

अंत्यसंस्कार वर्षभराने झाले, 26 ऑक्टोबर 2017 ला. त्या वर्षात 1 कोटी 20 लाखांहून जास्त लोक राजवाड्यात दर्शन घेऊन गेले. पीबरोबर रांगेत मीही सात तास उभी होते. रथाचं नाव महाविजय, 1795 चा, दोनशेहून जास्त माणसं ओढत होती. चंदनाच्या पातळ सालींची फुलं वाहायची असतात. या वेळी ती डॅफोडिलच्या आकाराची होती.

नंतरचं तुम्ही कदाचित इन्स्टावर पाहिलं असेल. 10 ऑगस्ट 2020 ला त्याच थम्मासात विद्यापीठाच्या रंगसित आवारात एका 21 वर्षांच्या विद्यार्थिनीने राजेशाहीत सुधारणा करायच्या दहा मागण्या माइकवर वाचल्या. पोरं हॅरी पॉटरच्या वेशात मोर्चाला गेली, 'हंगर गेम्स'मधली तीन बोटं दाखवत. थोडा काळ थांबलेला 112 त्या नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू झाला आणि अडीचशेहून जास्त जणांवर खटले झाले. जानेवारी 2024 मध्ये एका तरुणाची फेसबुक पोस्टसाठीची शिक्षा 50 वर्षांवर गेली. त्याच मे महिन्यात 28 वर्षांची एक कार्यकर्ती दीर्घ उपोषणानंतर कोठडीत असतानाच वारली.

पीची मुलगी 2020 मध्ये सतरा वर्षांची होती. ती मोर्चाला गेली. हे मला पीने नाही, मुलीने सांगितलं, एका अशा ॲपवर जिथं मेसेज आपोआप पुसला जातो.

मागच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. दिवाणखान्यात राजाची तसबीर आहे, ती नकाशावाली, आणि खाली ताज्या झेंडूची माळ. माळ कोण घालतं विचारलं तर मुलगी म्हणाली, "मी. आईचे गुडघे दुखतात." मग ती थाईमध्ये आईला काहीतरी भराभरा बोलली. तसबिरीकडे बोट करून नाही, पण त्याबद्दलच असावं, कारण पीने आधी खिडकीकडे पाहिलं आणि मग तितक्याच हळू आवाजात उत्तर दिलं. बराच वेळ चाललं. मला एकच शब्द कळला, 'बारमी', म्हणजे आपलं पारमी, पुण्याई. मी विचारलं काय म्हणताय. दोघी माझ्याकडे बघून हसल्या, आणि पीने माझ्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.