कृत्तिकांभोंवतालची धूळ
आम्ही गच्चीवरून कृत्तिकांचें रंगीत छायाचित्र घेतों, तेव्हां क्षितिजाकडील बाजू शहराच्या दिव्यांनीं पिंगट होते. ही ताऱ्यांच्या प्रकाशांत पडलेली भर. म्हणून ती वजाच करावयाची. (भिंगामुळें काळवंडलेले कोपरे मात्र भागाकारानें सुधारतात.) संगणक रिकाम्या आकाशांतील ठिपके वेंचून, त्यांवरून लाल, हिरव्या व निळ्या रंगाची निरनिराळी पार्श्वभूमी रचतो. पण कृत्तिकांपाशीं रिकामें आकाश आहे कोठें? सुमारें ४४० प्रकाशवर्षांवरची ती निळसर धूळ दूरवर पसरलेली. ठिपका तिच्यावर पडला, कीं दिव्यांच्या उजेडाबरोबर तीहि पुसली जाते, आणि चित्र उलट अधिक स्वच्छ दिसतें! घरांतील मंडळी वाहवा करतात ती त्याचीच. आम्ही ठिपके थोडे, कडेकडेला, हातानेंच ठेवतों. किंचित् पिंगटपणा उरला, तर उरूं देतों.