आधी नक्कल

कॉम्प्युटर बिघडला की गिऱ्हाईक एकच सांगतं, "तेवढं चालू करून द्या." तिसगावात, नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या माझ्या दुकानात हे रोजचंच. पण डिस्क आजारी असली तर मशीन चालू करणं आणि आतला हिशोब वाचवणं ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात.

दूध संकलन केंद्राचंच घ्या. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ त्या मशीनमध्ये जातं आणि दहा दिवसांनी त्यावरूनच दुधाचे पगार निघतात. लाइट सांगून जात नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असते, ती बदलायचं नेहमी पुढच्या पगारावर ढकललेलं असतं. लिहिता लिहिता वीज गेली तर विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस आपल्या जर्नलवरून फायलींची मांडणी बहुधा सावरते. फायलीतल्या मजकुराची हमी देत नाही. त्यात डिस्कच जुनी झालेली असली की एक दिवस काळ्या पडद्यावर 'डिस्क रीड एरर' येतं आणि केंद्र चालवणारे आबा मशीन मोटरसायकलवर घेऊन हजर होतात. "सर, संध्याकाळच्या दुधाच्या आत पाहिजे."

मी लगेच डिस्कला दोष देत नाही. केबल काढून परत बसवतो, रस्त्यातल्या खड्ड्यांनीही ती सुटते. बोर्डावरचा सीआर 2032 सेल उतरला असेल तर बायोसच्या सेटिंग बदलतात आणि चांगल्या डिस्कवरचं विंडोजही उठत नाही. तेही नसेल तर डिस्कच्या स्मार्ट नोंदी बघतो. 5 नंबरची नोंद सांगते, किती खराब सेक्टर बाद करून राखीव जागा वापरली. 197 नंबरची सांगते, किती सेक्टर वाचता न आल्यामुळे लटकलेत. हा दुसरा आकडा वाढत असेल तर मी मशीन बंद करतो.

इथंच आमच्या धंद्यातले बरेचजण विंडोजच्या चेकडिस्कला स्लॅश आर लावून चहाला जातात. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं. तुमच्या नोंदी वाचवणं नव्हे. मरायला टेकलेली डिस्क ती टोकापासून टोकापर्यंत राबवते, वर तिच्यावर लिहिते. मशीन उठतंसुद्धा कधीकधी, आणि हिशोबाच्या जागी फाउंड नावाच्या फोल्डरात सीएचके फायलींचे तुकडे सापडतात.

मी डीडीरेस्क्यू लावतो. अंतोनिओ दिआझ दिआझ यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. कापूस वेचताना फुटलेली बोंडं आधी घ्यावीत आणि कवडीकडे मागून वळावं, तसा तो चालतो: सहज वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडलं की पुढं उडी मारतो, मग मागं येऊन अडलेल्या जागा खरवडतो. कुठवर आलो ते एका मॅप फायलीत लिहून ठेवतो, म्हणून मधेच लाइट गेली तरी तिथूनच पुढं सुरू करता येतं. दिआझ यांच्याकडं भारनियमन नसेल, पण सोय आमच्यासाठीच केल्यासारखी आहे. 500 जीबीची धडधाकट डिस्क दोनेक तासांत उतरते. खराब डिस्क किती वेळ घेईल हे तीच ठरवते. तोवर दूध वहीत लिहायचं. चेकडिस्क चालवायचीच तर मग नकलेवर. ती बिघडली तरी मूळ डिस्क जशीच्या तशी असते.

टक् टक् आवाज येत असेल तर मात्र मी हात लावत नाही. डिस्कचं हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, आणि माझ्या दुकानात हायवेची धूळ. अशी डिस्क पुण्याच्या लॅबला. तिथला खर्च कधीकधी मशीनच्या किमतीवर जातो. तो ऐकून लग्नाचे फोटोवाले विचारात पडतात. आबा पडले नाहीत.

"बॅकअप आहे ना," ते म्हणाले, "डी ड्राइव्हला."

त्यांच्या मशीनमधले सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, हे मी समजावून सांगितलं. ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "अहो, मग ते वेगवेगळं दाखवतं कशाला?"

प्रश्न रास्त होता.