एकापेक्षा मोठी बेरीज

गिरगावात आमच्या घरी मुलांसमोर ‘रेस’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. कुणाच्या बायकोच्या पाटल्या गेल्या, कुणाची राहती खोली गेली, याचं कारण सांगताना आजी फक्त “महालक्ष्मी” म्हणायची. ती देवळाबद्दल नाही, तिथल्या रेसकोर्सबद्दल बोलतेय हे आम्हाला तिच्या स्वरावरूनच कळायचं. त्या घरातली मी आज बेंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये, रविवारी सोसायटीतल्या मुलांकडून घोड्यांच्या शर्यतीवरून गणितं करून घेते. आजी असती तर तिला हे सांगायची माझी छाती झाली नसती.

मुलं पाचवी ते आठवीतली. अपूर्णांकांची बेरीज सगळ्यांना येते, पण ती कुठे लागते असं विचारलं की सगळी गप्प. पुस्तकातला पिझ्झा कापून कापून ती कंटाळली होती आणि खरं सांगायचं तर मीही. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मराठी बोलणारे, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. तरुणपणी ते इथल्या रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीत बसायचे. एकदा त्यांनी पेपरातलं रेसचं कार्ड कापून आणलं. मी ते मुलांच्या हाती लागायच्या आत उलटं ठेवलं.

“पैसे नका लावू ताई,” काका म्हणाले, “वजनं तरी करा.”

तिथून सुरुवात झाली. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याने किती वजन घेऊन पळायचं ते आधी ठरलेलं असतं, आणि चांगल्या घोड्याला जास्त वजन. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. जेवढं कमी पडेल तेवढ्या शिशाच्या पट्ट्या खोगिराबरोबर घालतात. शर्यत संपली की पुन्हा वजन होतं. जॉकी खोगिरासह 52.3 किलो, घोड्यावर 58.5 हवेत, तर शिसं किती? दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह घ्या, हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले होते. इथे एकाने ते चुकवलं तेव्हा त्याचा घोडा बाद झाला असं बाकीच्यांनीच जाहीर केलं. मग न्यायाचा प्रश्न निघाला. “म्हणजे जो पहिला येतो त्याचं दप्तर जड?” सहावीतल्या एका मुलीने विचारलं, आणि गणिताचा तास अर्धा तास वादात गेला. मी तो जाऊ दिला.

पुढच्या वेळी वेग. 1200 मीटर, 1 मिनिट 12 सेकंद. मिनिटात साठ सेकंद असतात हे पोरांना पाठ असतं, तरी निम्म्यांनी 112 लिहून भागाकार सुरू केला. बरोबर केलं की ताशी 60 किलोमीटर येतात. आपण बसने मॅजेस्टिकला जातो तो वेग काढून पाहिला आणि सगळ्यांनी घोड्याने जायचं ठरवलं. दोन घोड्यांतलं अंतर ‘एक लांबी’ म्हणून मोजतात. ते साधारण 2.4 मीटर धरलं, तर या वेगाने सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. तेवढ्यात डर्बी जाते. महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणारी इंडियन डर्बी 2400 मीटरची असते; पहिली झाली 1943 मध्ये. पांडू खाडे, वसंत शिंदे असे आपले मराठी जॉकी त्या जगात मोठे झाले हे मला काकांकडून कळलं. आमच्या घरी जॉकीला नाव असतं हेच माहीत नव्हतं.

पैजेच्या भावांपर्यंत मात्र जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेही टिकलं नाही, आणि ते मोडलं मुलांनीच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. पण त्याआधी कित्येक वर्षं ही मुलं आयपीएलच्या दोन षटकांच्या मधे त्यांच्याच जाहिराती पाहत वाढली होती. त्यांना भाव कळत होता, फक्त त्याचा अपूर्णांक होतो हे कळत नव्हतं. मग मी सहा घोडे फळ्यावर मांडले. नावं मुलांनी ठेवली, त्यांतला एक बेन्ने डोसा आणि एक पर्पल लाइन. भाव दोनाला एक, तीनाला एक, चार, पाच, आठ आणि दहा. दोनाला एक म्हणजे तीनात एक संधी, तीनाला एक म्हणजे चारात एक. सहा अपूर्णांक झाले: एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक पंचमांश, एक षष्ठांश, एक नवमांश, एक अकरांश. यांतला एक घोडा तर जिंकणारच, मग बेरीज किती यायला हवी? एक, सगळे म्हणाले.

लसावि 1980 निघाला, बेरीज 2281 छेद 1980. एका मुलाने तीनदा खोडून पुन्हा केलं, कारण आपलंच चुकलं अशी त्याची खात्री होती. चूक नव्हती. कुणीही जिंकला तरी हातात शंभर यावेत म्हणून सगळ्या घोड्यांवर पैसे लावायचे तर 115 रुपये 20 पैसे लागतात. वरचे पंधरा बुकीचे. त्यावर पणाच्या पूर्ण रकमेवर जीएसटी, 2025 च्या 22 सप्टेंबरपासून 40 टक्के. तो धरला की शंभरासाठी 161 रुपये 28 पैसे. शतमानाचा इतका सरळ धडा माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आता माझ्या अंगात आलं. पालकांना मी महाभारताच्या वनपर्वातली नळाची गोष्ट सांगू लागले. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहून पानं-फळं किती ते सांगतो, त्याचा सारथी झालेला नळ मोजतो तर आकडा बरोबर, आणि मग दोघं विद्यांची अदलाबदल करतात. नळाने अश्वविद्या द्यायची, ऋतुपर्णाने अक्षविद्या आणि गणना. विदर्भाच्या वाटेवर झालेला सौदा तो. घोडा आणि हिशेब यांचं नातं इतकं जुनं आहे, असं मी ऐटीत म्हणायचे. ती विद्या मिळाल्यावर नळ परत जाऊन भावाशी, पुष्कराशी, जुगारच खेळतो, एवढं मात्र गाळायचे. माझं म्हणणं असं की ज्याला ही बेरीज एकदा जमली तो आयुष्यात रेसकडे फिरकणार नाही. शिकवते गणित, टोचते लस, असा माझा आव होता.

हे काकांसमोर बोलले तेव्हा ते हसले. “ताई, खिडकीवर येणारे लोक अपूर्णांकात माझ्यापेक्षा पक्के. भाव बदलला की पेन्सिल न लावता हिशेब करायचे. बेरीज एकापेक्षा मोठी आहे हे प्रत्येकाला ठाऊक. प्रत्येकाला वाटायचं, ती बाकीच्यांसाठी.”

मी वाद घालून पाहिला, पण त्यांच्या म्हणण्याला तोड नव्हती. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. घोड्याची पैदास, त्याची तयारी, जॉकीचा हात यांचा अभ्यास करता येतो, हे त्यात होतं. अभ्यास करता येतो हे खरं आहे, आणि वरचे पंधरा रुपये आधीच गेलेले असतात हेही खरं आहे. अभ्यासू माणूस पहिल्यावर इतका विश्वास टाकतो की दुसरं त्याला किरकोळ वाटू लागतं. आजीच्या गोष्टींतली माणसंही काही अडाणी नव्हती. त्यांतला एक तर पतपेढीत हिशेबनीस होता.

म्हणजे माझं मत दोनदा फिरलं. घोडा मुलांपासून लांब ठेवावा असं वाटत होतं, ते गेलं. घोड्याने मुलं शहाणी होतील असं वाटू लागलं होतं, तेही गेलं. उरलंय ते अगदी थोडं: शिशाच्या पट्ट्या, सेकंदाचा सातवा भाग आणि 1980 चा लसावि. मुलं ही गणितं आपणहून मागतात, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. रेसकोर्सवर मी त्यांना नेलेलं नाही आणि नेणार नाही. घोड्यांवर उगारला जाणारा चाबूक मला अजूनही पाहवत नाही, पण तो वेगळा विषय. एका आईने मुलीला वर्गातून काढलं. तिला थांबवायला माझ्याकडे मुद्दा नव्हता, म्हणून थांबवलं नाही.

नवे पालक येतात तेव्हा मी नळाची गोष्ट सांगत नाही. काय काय शिकवते त्याची यादी देते. कुणी व्यसनाचं विचारलंच तर खालच्या मजल्यावर पाठवते. काका त्यांना चहा देतात आणि खिडकीच्या आत बसून मिळालेला पगार खिडकीच्या बाहेर कसा जायचा ते सांगतात.