किती दिवस टिकेल?

घरी भिंतीवर चित्र काढते म्हटलं की लोक आधी विचारतात, रंग कुठला वापरतेस. आणि मग विचारतात, किती दिवस टिकेल. पहिल्याचं उत्तर मी आनंदाने आणि लांबण लावून देते. दुसऱ्याचं उत्तर 'पुढच्या दिवाळीपर्यंत' असं दिलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. एवढा उपद्व्याप करायचा आणि वर्षाने पुसून टाकायचा? त्यापेक्षा बाजारातून चांगलीशी फ्रेम आणलेली काय वाईट?

वाईट काहीच नाही. नाशिकच्या कुठल्याही नव्या सोसायटीत चार घरं फिरा, निदान दोन घरांत सोफ्यावर सात पांढरे घोडे धावत असतात. वास्तूवाल्यांनी दिशा सांगितलेली असते, पण सोफा एकाच भिंतीला मावतो, त्यामुळे घोडे बहुतेक वेळा स्वयंपाकघराकडे निघालेले दिसतात. तिसऱ्या घरात तीन तुकड्यांत कापलेला बुद्धाचा चेहरा असतो. ही चित्रं टिकतात यात शंका नाही. पण पहिल्या आठवड्यानंतर घरातलं कुणी त्यांच्याकडे बघत नाही. पाहुणे बघतात, तेही चहा येईपर्यंत.

आपल्या घरांत भिंतीवरचं चित्र पूर्वी तिथी बघून यायचं आणि जायचं. श्रावण लागला की सासूबाई देवघराशेजारी जिवतीचा कागद लावतात. पूर्वी कणकेच्या खळीने लावायच्या, आता सेलोटेपने. कागद छापील. वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, त्याखाली मुलाबाळांसकट जरा-जिवंतिका आणि सगळ्यांत खाली हत्तीवरचा बुध नि वाघावरचा बृहस्पती. प्रत्येकाचा वार ठरलेला. शनिवारी नरसिंह, बुधवारी-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती आणि नागपंचमीला कृष्णाचा मान. छपाई बेताची, नाकीडोळी ठोकळेबाज. तरीही आमच्या घरात सगळ्यांत जास्त बघितलं जाणारं चित्र हेच, कारण महिनाभर रोज कुणीतरी त्याच्यापुढे उभं राहून नेमक्या जागी गंध-फूल वाहतं. गंधाचे डाग वाढत जातात. पुढच्या श्रावणात नवा कागद. नागपंचमीचा नाग तर त्याहून अल्पायुषी. सासूबाई पाटावर ओल्या गंधाने काढतात आणि संध्याकाळपर्यंत त्याचे पापुद्रे सुटतात. त्यांच्या नागाचा फणा दरवर्षी उजवीकडे किंचित कललेला असतो. दरवर्षी नव्याने काढायचा म्हणूनच हात एवढा बसला असणार.

कायमची तसबीर ही छापखान्याची देणगी. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी छपाईच्या धंद्यात होते. या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. वाड्यांतून या तसबिरी उंच आणि पुढे झुकवून टांगत, कारण बैठक जमिनीवर असे आणि मान वर करून बघायचं असे. आता आपण सोफ्यावर बसतो, तरी फ्रेम मात्र छताजवळच ठोकतो. माझा साधा हिशेब असा की सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर सरळ जिथे पोचते, त्याच्या वीतभर वर चित्राचा मध्य यावा. सुताराला हे पटवून देणं चित्र काढण्यापेक्षा अवघड आहे.

मला खरी वाट दाखवली ती घाटमाथ्यावरच्या घरांनी. नाशिकहून त्र्यंबक, हरसूल, पेठकडे निघालं की वारली आणि कोकणा वस्त्या लागतात. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, त्यावर गेरू किंवा लाल माती आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. वारल्यांमधलं मूळ चित्र म्हणजे लग्नचौक. लग्नघरी सवाशिणी तो काढतात, मधल्या चौकटीत पालघट देवी असते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम झालं. मग ते धुराने काळवंडो, पावसात उतरो, नव्या लेपाखाली जावो.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली १९७०च्या दशकात. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार यात पुढे होते. बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा मधुबनीच्या बायकांना कागद देऊन चित्रं काढायला लावणारेही हेच. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) त्यातूनच पुढे आले. बायकांनी लग्नापुरती काढायची चित्रं या पुरुषाने रोज काढायला घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. चित्र कागदावर आलं म्हणून पोट भरलं, नाव झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हॉटेलवाल्यांबद्दल. वारली चित्रांतलं तारपा नाचाचं ते वेटोळं महामार्गावरच्या प्रत्येक 'गावरान' हॉटेलाच्या भिंतीवर हात धुण्याच्या बेसिनमागे दिसतं. चौक तर मी घरी काढतच नाही. ज्याचं लग्न नाही, ज्याला ती देवी माहीत नाही, त्याने पालघट कशाला काढायची? मी तिकडून फक्त रीत उचलली: जमीन कशी धरायची, रेघ कशी ओढायची आणि पुसायला घाबरायचं नाही.

आता रंगाविषयी, म्हणजे माझ्या आवडीच्या प्रश्नाविषयी.

फ्लॅटच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट असतो आणि त्यावर गेरू धरत नाही. वाळला की पापुद्रा सुटतो. म्हणून हवी तेवढी चौकट आखून पॉलिशपेपरने पुट्टीपर्यंत घासून काढायची. पुट्टी पाणी पिते, तिच्यावर गेरू छान बसतो. चौकट आखायला गवंड्याचा ओळंबा आणि रंगीत सूत. सूत मारल्यावर कळतं की बिल्डरने दिलेली एकही भिंत सरळ नाही. अशा वेळी छताशी समांतर जायचं, ओळंब्याचं ऐकायचं नाही. डोळा छताशीच तुलना करतो.

गेरू कुंड्यांना नि तुळशीवृंदावनाला लावायचा असतो तोच, सुटा आणलेला. रात्रभर भिजवायचा, सकाळी ढवळून क्षणभर थांबायचं म्हणजे खडे-वाळू तळाशी बसते, आणि वरचा लाल गढूळ भाग जुन्या मलमलीतून दुसऱ्या भांड्यात नितळून घ्यायचा. हे दोनदा केलं की बोटांत चोळल्यावर खर लागत नाही. मग त्यात बाभळीचा डिंक. तोही रात्रभर भिजवलेला, आणि त्यात दोन लवंगा, नाहीतर पावसाळ्यात त्याला वास मारतो. डिंक किती, याला माप नाही. पहिला हात वाळला की अंगठा दाबून फिरवायचा. अंगठ्याला लाली आली तर डिंक कमी, भिंत चकाकली तर डिंक जास्त. लालीही नको आणि चकाकीही नको, अशा बेताला आलं की दुसरा हात आडवा मारायचा. गेरू घट्ट ताकासारखा असावा, ब्रशने ओढला की मागे ओघळ राहू नये.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ मी सोडून दिलं आहे. चुलीच्या धुराच्या घरात ते चालतं, बंद फ्लॅटमध्ये मात्र कसर आणि बुरशी दोघींना मेजवानी. खडूची भुकटी, डिंकाचं पाणी आणि नखभर नीळ. निळीने पांढरा रंग थंड होतो आणि गेरूवर उठून दिसतो. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक दगडाने ठेचून तंतू मोकळे केलेली. ती दर वितीला पुन्हा बुडवावी लागते, त्यामुळे रेघ जाड सुरू होते आणि बारीक संपते. विकतच्या ब्रशने ओढलेली एकसारखी रेघ भिंतीवर मला तरी निर्जीव वाटते.

आराखडा मात्र कोळशाने, आणि कोळसा नाशिकचा. द्राक्षबागांची छाटणी झाली की काड्यांचे ढीग बांधावर पडतात. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या रेखाटनाला जो मऊ कोळसा वापरतात तो द्राक्षवेलीच्या काड्यांचाही असतो. परदेशी कंपन्यांच्या डब्यांतून तो आपल्याकडे महागात विकला जातो आणि इकडे दिंडोरी-निफाडला काड्या पेटवून देतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वाळक्या काड्या घ्यायच्या, साल सोलायची, पत्र्याच्या डब्यात हलणार नाहीत अशा ठासून भरायच्या. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवायचा. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग पिवळट, मग तो पातळ होत थांबतो. थांबला की डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने बुजवायचं. गार होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आत हवा शिरते आणि काड्यांची राख होते. नीट जमलेली काडी मोडली की खणकन आवाज येतो आणि भिंतीवर फिरवली की मखमली काळी रेघ उठते, जी कोरड्या फडक्याने झटकली की जातेही. आराखड्याला एवढंच हवं. माझ्या द्राक्षबागवाल्या मावसभावाला आधी हे वेड वाटलं; हल्ली छाटणीच्या वेळी तोच फोन करून विचारतो, किती काड्या ठेवू?

टिकण्याला माझा विरोध आहे असं नाही. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, त्याच्या भिंतींवरची जुनी चित्रं जेवढी उरलीत तेवढी जपायलाच हवीत. तिथे ओल शिरलेली बघितली की पोटात कालवतं. पण ती कसबी चितेऱ्यांनी राजवाड्यासाठी काढलेली. माझ्या हॉलची भिंत चार फुटांची, चितेरी हौशी. माझ्या चित्राने शंभर वर्षं राहावं असा हट्ट धरला तर मी पहिली रेघच ओढू शकणार नाही.

यंदाच्या चित्रात गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती होता. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर या मारुतीवरून पूर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. पाणी वर चढून सरकारवाड्याच्या पायऱ्यांकडे सरकलं की १९६९ आणि २००८ च्या गोष्टी निघतात. मी मारुती उभा केला गेरूवर पांढऱ्याने, पायाशी घाटाच्या पायऱ्या, बाजूला भाजीच्या पाट्या, आणि पाणी मुद्दाम काढलंच नाही. पाण्याची रेघ कोळशाने. ज्या दिवशी पूर चढेल तेवढी वर सरकवायची, ओसरला की फडक्याने झटकून खाली घ्यायची. गेरूवर काळसर डाग राहतात, राहू देत. नदीही घाटावर गाळाच्या खुणा ठेवतेच.

याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. मुलगा शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी भिंतीकडे बघायला लागला. सासूबाई टीव्हीवरची बातमी ऐकून आतून ओरडायच्या, "अगं, विसर्ग वाढवलाय, तुझा मारुती अजून गुडघ्यातच उभा आहे!" एका संध्याकाळी शेजारच्या काकू रामकुंडावरून भिजत आल्या आणि चपला दारात ठेवून सरळ चित्रापाशी गेल्या. "इतकं नाहीये गं," म्हणाल्या, "पाणी खांद्याला लागलंय." आणि कोळसा मागून रेघ त्यांनीच ओढली. चांगली ओढली. त्यानंतर त्या रेघेवर माझा हक्क असा राहिला नाही.

काकूंचीच सर्वांत जास्त कुरकुर होती दिवाळीआधी चित्र पुसलं तेव्हा. पुसणं सोपं असतं: कोमट पाणी, स्पंज, वरून खाली. डिंक विरघळतो आणि लाल पाणी बादलीत उतरतं. ते फेकायचं नाही. आणखी थोडा गेरू कालवून गॅलरीतल्या कुंड्यांना हात मारून होतो. पुट्टी पुन्हा उघडी पडते, एखाद्या ठिकाणी ओल दिसली तर तेवढ्यात गिलाव्याची डागडुजीही उरकते.

आता नव्या चित्रावरून घरात वाद आहे. मुलाला क्रिकेटचं मैदान हवंय. काकूंना २०२७ चा सिंहस्थ हवाय, आखाड्यांच्या मिरवणुकीसकट, आणि हत्तीही हवेत. चार फुटांत एवढे साधू मावणार नाहीत म्हटलं तर म्हणाल्या, लहान काढ. नवऱ्याने हळूच घोड्यांचा विषय काढून पाहिला. मी जाहीर केलंय की जो गेरू भिजवेल, नितळेल आणि पॉलिशपेपर मारेल, त्याचं चित्र. त्या रात्री मुलगा झोपल्यावर सासूबाईंनी बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवली, आणि सकाळी बघते तर गेरू भिजलेला. त्यांना काय काढायचंय ते अजून सांगत नाहीत.