फोन घराचा, हात माझे

पंचवीस वर्षांपासून मी कामठीत विड्या वळते. मुलांचे वडील गेले तेव्हापासून याच कामावर घर चालले. थोरला मुलगा बुटीबोरीला कंपनीत लागला आणि त्याने आपला जुना मोबाइल मला दिला. आठ महिने वापरून मी तो परत केला. शेजारणी हसल्या. पण माझे कारण साधे होते.

आमची मजुरी हजार विड्यांमागे असते. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा. हात थांबला की मजुरी थांबली. फोन वाजला की माझी मोजणी चुके. रात्री जेवताना मी व्हिडिओ बघे. धाकटी मुलगी शाळेतले काही सांगे आणि मी नुसती मान हलवी. एकदा तिने विचारले, "आई, मी आता काय म्हटलं, सांग बरं?" मला सांगता आले नाही. त्याच आठवड्यात फोन परत गेला.

हे खूळ माझ्या एकटीचे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. मग दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. अख्खे गाव ठरवू शकते, तर एक बाई का नाही?

पण वाचक भगिनींनो, दुसरी बाजूही सांगते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते. तिचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि मोबाइलवर ओटीपी येतो. आम्ही शेजाऱ्यांचा नंबर दिला. ओटीपी आला तेव्हा शेजारी ड्युटीवर! मुलीने तीन दिवस चकरा मारल्या. ती म्हणाली, "आई, फोन तू सोडला, पण दारोदार मीच फिरून राहिली ना!"

ते वाक्य मला लागले. माझ्या निश्चयाची किंमत माझी पोर भरत होती. शिक्षणासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसले आहे! याच कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. 1937 साली ते विधिमंडळावर निवडून गेले. तेव्हा कामगारांच्या हाती फोन नव्हता. आज मात्र हक्काच्या शिष्यवृत्तीची वाटच फोनमधून जाते.

म्हणून एक बटनांचा साधा फोन घेतला. तो फळीवर असतो. बँकेचा, रेशनचा, शिष्यवृत्तीचा निरोप त्यावर येतो. मुलाचा फोन रात्री आठनंतर. तो फोन घराचा आहे, माझा नाही. काम करताना आणि जेवताना मी त्याला हात लावत नाही.

मुलीचा अर्ज भरला गेला. आता रात्री ती बोलते आणि मी ऐकते. काय म्हटले विचारले, तर सांगताही येते.