पान ११४ वर नेली

परवा चहाच्या टेबलावर विषय निघाला, की पोटात सगळ्यात मोठा गोळा आणणारा बग कोणाचा. मंडळींनी एकेक किस्से सांगितले, सर्व्हर काय, पेमेंट काय. मी गप्प बसलो, कारण माझा बग ऑफिसातला नाहीच. तो माझ्या घरच्या प्रोग्राममधला आहे, आणि तो प्रोग्राम वापरणारा माणूस जगात एकच. आमचे बाबा.

बाबा कराडला आयुर्विम्याचे एजंट. तीसेक वर्षं झाली. त्यांचं एक जाडजूड रजिस्टर आहे. एका कुटुंबाला एक पान, आणि त्या पानाला ते 'खातं' म्हणतात. वर घरातल्या कर्त्याचं नाव आणि फोन, खाली घरातल्या सगळ्यांच्या पॉलिसी: नंबर, हप्ता, तारीख, नॉमिनी. काही वर्षांपूर्वी मला भलताच उत्साह आला आणि हे सगळं मी कॉम्प्युटरवर आणून दिलं. दोन दिवाळीच्या सुट्ट्या त्यात गेल्या. टायपिंगला आई बसली. हप्ता जवळ आला की खात्यावरच्या नंबरला आपोआप मेसेज जाणार, अशी सोय केली. बाबांनी आजूबाजूच्या चार लोकांना बोलावून दाखवलं. मी हवेत!

मग एका शनिवारी फोन. "अरे, एका खात्यातली पॉलिसी दुसऱ्या खात्यात न्यायची सोय कुठाय?"

"ती कशाला लागते?"

"कशाला म्हणजे? माणसं काय जन्मभर एका पानावर राहतात होय?"

खरंच की. मुलीचं लग्न होतं. भाऊ वेगळे होतात. पोरगं नोकरीला लागून स्वतःचे हप्ते स्वतः भरायला लागतं. कोणी जातं. माझ्या डिझाइनमध्ये यातलं काहीच होत नव्हतं. तिथे सगळे सुखाने एकत्र कुटुंबात नांदत होते.

पण काम सोपं वाटलं. पॉलिसीच्या टेबलमध्ये खाते क्रमांकाचा एक रकाना, तो बदलायचा. एका ओळीची क्वेरी. वर 'ट्रान्सफर' असं लिहिलेलं हिरवं बटण. दहा मिनिटांत बाबांकडे पाठवलं आणि पोहे खायला बसलो.

बाबांनी पहिली पॉलिसी हलवली ती एका ताईंची. नवरा अचानक गेलेला. त्याच्या विम्याचे पैसे मिळाले होते. ताई लहान मुलाला घेऊन सांगलीला माहेरी गेल्या, तिथे नोकरी धरली. त्यांची स्वतःची पॉलिसी मात्र अजून सासरच्या खात्यावर, थोरल्या दिरांच्या नावाखाली. बाबांनी नवं खातं उघडलं, बटण दाबलं, पॉलिसी नव्या खात्यात दिसायला लागली. झकास!

चार महिन्यांनी, आठवड्याच्या मधल्याच दिवशी बाबांचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"त्या ताईंना मेसेज गेलाय का बघ."

बघितलं. गेला होता. दिरांच्या मोबाईलवर. आणि दिरांनी, 'आता त्या वेगळ्या झाल्या, त्यांचं त्या बघतील' म्हणून तो सोडून दिला होता.

झालं होतं असं, की मेसेज पटापट जावेत म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या आठवणींचं वेगळं टेबल तयार करून ठेवत असे आणि त्यात फोन नंबरही उतरवून घेत असे. पॉलिसी हलली, आठवणी जुन्याच घरी राहिल्या. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं, हीच तर गंमत.

सहामाही हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत काही बरंवाईट झालं तरी विमा मिळतो, थकलेला हप्ता कापून. मुदत उलटली की पॉलिसी बंद पडते. पुन्हा चालू करता येते, पण थकबाकी व्याजासकट, आणि वर तब्येत ठीक असल्याचं लिहून द्यायचं. कंपनी तपासण्या सांगू शकते, नाहीसुद्धा म्हणू शकते. ताईंना त्याच वर्षी मधुमेह निघाला होता.

तो २६ वा दिवस होता.

हप्ता त्याच संध्याकाळी भरला गेला. बाबांना कळलं कसं? त्यांनी रजिस्टर बंद केलंच नव्हतं. मुलगा इंजिनिअर असला तरी.

त्या शनिवारी मी मुकाट्याने कराडला गेलो आणि पहिल्यांदा ते रजिस्टर नीट वाचलं. बाबा पॉलिसी हलवताना काही खोडत नाहीत. जुन्या ओळीवर एकच बारीक रेघ, ओळ वाचता येते, आणि समासात: 'पान ११४ वर नेली', तारीख, कारण. पान ११४ वर: 'पान ३७ वरून आणली'. जुन्या पावत्यांच्या नोंदी जुन्याच पानावर, कारण ते हप्ते त्या घराने भरले होते. खोडायचं नाही, नुसतं बदलायचं नाही, दोन्हीकडे लिहायचं. मी हे पगार घेऊन शिकलो होतो आणि घरी विसरलो होतो.

त्या ओळीशेजारी लाल पेनाने लिहिलं होतं: 'नॉमिनी?'

ताईंच्या पॉलिसीवर नॉमिनी त्यांचा नवराच होता. माझ्या बटणाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. बाबांनी फॉर्म भरून मुलाचं नाव लावलं होतं. तो अज्ञान, म्हणून त्याच्या वतीने पैसे घ्यायला मामाचं नाव. १९३८ च्या विमा कायद्यात कलम ३९ मध्ये ही सोय आहे.

"आणि ते ट्रान्सफर लिहिलंयस ते काढ," बाबा म्हणाले. "पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर करणं वेगळं. त्याला असाइनमेंट म्हणतात, कलम ३८. त्याची कंपनीकडे रीतसर नोंद लागते. तू फक्त माझं पान बदलतोयस. कंपनीच्या दप्तरी एक अक्षरसुद्धा हलत नाही. उद्या माझ्यासारखा कोणीतरी बटण दाबून निवांत बसेल."

आता बटणावर 'पान बदला' असं लिहिलंय. ते दाबलं की आधी कारण विचारतं. निधन असेल, तर ती व्यक्ती आणखी कुठल्या पॉलिसीवर नॉमिनी आहे त्याची यादी काढतं. नवा फोन नंबर घेतल्याशिवाय पुढे जात नाही. सगळं मिळून एकतर पूर्ण होतं, नाहीतर काहीच होत नाही. दहा मिनिटांच्या कामाला सहा शनिवार लागले.

ते तपासायला मी स्वतःचीच पॉलिसी बाबांच्या खात्यातून माझ्या खात्यात नेली. कारण: लग्न. प्रोग्रामने विचारलं, नॉमिनी तोच ठेवायचा का? बघतो तर पहिल्या नोकरीत असताना काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव. लग्नाला सहा वर्षं झालीत!

फॉर्म भरून दिलाय. (बायकोला हे आत्ता इथे वाचूनच कळेल. असो.)

तुमच्या पॉलिसीवर कोणाचं नाव आहे, आठवतंय का?