टाचांचे मलम

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचांसाठी आम्ही घरीच मलम केले: मेण, तिळाचे तेल, गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर. ई जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूलही फोडून घातल्या. म्हटले, आता टिकेल. बाराव्या दिवशी झाकणाच्या आत हिरवट बुरशी! दिसते ती बुरशी. जंतू तर दिसतही नाहीत. त्यातून सासूबाईंना मधुमेह, आणि बारा दिवस तेच मलम भेगांत भरलेले! रात्रभर आम्हांस झोप नाही. सुदैवाने पाय निर्धोक राहिले.

ई जीवनसत्त्व तेल खवट होऊ देत नाही, बुरशीला मात्र अडवीत नाही. पाणी आले की जंतूंचे फावते. कारखान्यांत फेनॉक्सिएथॅनॉल शेकडा 1 पर्यंत घालतात. तितके नेमके तोलणारा काटा आमच्याकडे कुठला? आता नुसते मेण-तेलच कढवतो आणि लोणच्याप्रमाणे कोरड्या चमच्याने काढतो. ‘पूर्वीचे मऊ होते हो,’ ही सासूबाईंची कुरकुर अजून चालूच आहे.